डीकन पेटिफर्डांची गाडी डोंगर चढते

मी उभा राहिलो तो सुरामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात अजून वेगळंच सांगतात.

आमच्या माउंट नेबो चर्चचे पास्टर हॅलोवे प्रवचन सुरू करतात ते बँकेतल्या रोखपालासारखं, एकेक शब्द मोजून समोर ठेवत. मग हळूहळू आवाजाला कंप येतो, वाक्यं आखूड व्हायला लागतात, मागून ऑर्गन हलकेच एखादा प्रश्न विचारतो, आणि पास्टर आता बोलत नसून गात आहेत हे ध्यानात येईपर्यंत आपले पाय आपल्या ताब्यात राहिलेले नसतात. मी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रारखिडकीवर केली. समोरच्याचा आवाज चढला की माझ्या पोटात गोळा येतो. रविवारी मात्र आवाज चढला की तोच गोळा विरघळतो आणि मी दोन्ही हात वर करून उभा राहतो. दर रविवारी राहतो. त्याच जागी, त्याच सुराला.

त्या रविवारी विषय होता डीकन थॅडियस पेटिफर्ड. जानेवारीत ते गेले. आमच्या चर्चचे ते ज्येष्ठ डीकन, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचे मानाचे सेवेकरी, होतेच, पण ओहायो नदीच्या या काठावर जुनी गाडी बाळगणारा जो जो माणूस आहे, त्याचेही ते वडीलधारे. आमचं जुन्या गाड्यांचं मंडळ त्यांनी स्थापन केलं, आणि मंडळातल्या प्रत्येक इंजिनाला त्यांनी लाकडी चमचा टेकवून, दांडा कानाला लावून, कधी ना कधी ऐकलं होतं. गाडी बिघडली असं ते कधी म्हणत नसत. "दमली आहे," म्हणायचे. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता, ट्रेलरवर. काही लोक आपली गाडी ट्रेलरवर चढवून मेळाव्याला आणतात, फडकं मारून उन्हात उभी करतात आणि संध्याकाळी परत चढवून नेतात. डीकनसाहेब अशा गाडीजवळ जायचे, टोपी काढायचे आणि मालकाला फार काळजीने विचारायचे, "आजारी आहे का?"

रॉस्को टॉलिव्हरला हा प्रश्न दर वर्षी ऐकावा लागे. ट्रेलर त्याचाच.

तर पास्टर सुरात आले होते. डोंगरावरच्या दफनभूमीत डीकनसाहेबांच्या थडग्याचा दगड बसवून झाला होता, त्याचं अनावरण व्हायचं होतं. "कोण नेईल," पास्टर गात होते, "सिस्टर ओडेसाला कोण नेईल? थॅडियसच्या गाडीतून, थॅडियसच्या डोंगरावर, कोण नेईल?" ऑर्गन चढला. मी उभा राहिलो.

माझी बाजू समजून घ्या. एरवी या ठिकाणी प्रश्न असतो, क्रूस कोण वाहील. मी वर्षानुवर्षं त्यासाठी उभा राहत आलो आणि नंतर कोणीही येऊन तारीख ठरवली नाही. या वेळी ऑर्गन थांबला. पहिल्या बाकावरून डीकनसाहेबांच्या पत्नी मिस ओडेसा पेटिफर्ड (मोठ्या बाईंना आमच्याकडे आदराने मिसच म्हणतात) सावकाश मागे वळल्या, हॅट नीट केली आणि म्हणाल्या, "वेंडेल, बाळा, तुझे उपकार झाले."

"बस खाली," माझी बायको इमोजीन दात आवळून म्हणाली. "ती गाडी तुला चालू तरी करता येते?"

"शिकेन."

"आपल्या मायक्रोवेव्हचं घड्याळ तीन वर्षं बारा वाजलेलं दाखवतंय."

दुपारी मी मिस ओडेसांकडे गेलो. मनात होतं की जरा अदबीने, आडवळणाने रॉस्कोच्या ट्रेलरचा विषय काढावा. म्हणजे गाडी डोंगराच्या माथ्यापर्यंत ट्रेलरवर, मिस ओडेसा कोणाच्या तरी चांगल्या गाडीतून, आणि वरच्या सपाटीवर शेवटचा तुकडा त्यांच्या गाडीत. कोणाला काही कळायचं कारण नाही, असं मी सुचवलं.

"मला कळेल," मिस ओडेसा म्हणाल्या. त्यांनी माझ्यापुढे केकचा तुकडा ठेवला होता, तो मी अजून तोंडात घातला नव्हता म्हणून बरं. "हे बघ वेंडेल. मी हट्टी बाई नाही. माझी सगळी हयात त्या माणसाच्या हातावरचं ग्रीस टॉवेलातून काढण्यात गेली, मी तोंडातून शब्द काढला नाही. पण जानेवारीपासून मी त्या डोंगरावर गेलेले नाही आणि जाईन तर त्याच्या गाडीतून, तिच्या चाकांवर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. नाहीतर तुम्ही सगळे वर जा, दगड उघडा, चिकन खा. मी इथे बसेन."

"तसं कसं होईल, मिस ओडेसा."

"होईल. मला बसता येतं."

त्या बसतील याबद्दल मला शंका नव्हती. जानेवारीपासून त्या घराबाहेर पडत होत्या त्या फक्त चर्चसाठी. डोंगरावर नेण्याबद्दल त्यांच्या पुतण्यांनी विचारून पाहिलं होतं, पास्टरांनी विचारलं होतं. आज पहिल्यांदाच त्या 'जाईन' म्हणाल्या होत्या, आणि ते त्या माझ्या भरवशावर म्हणाल्या होत्या.

गाडी म्हणजे एकोणीसशे एकवीसची फोर्ड मॉडेल टी, काळी, उघडी, वर कापडी टप. माझी स्वतःची जुनी गाडी आहे, पण ती एकोणपन्नासची, म्हणजे तशी कालचीच. तिला माणसासारखे गिअर आहेत. या गाडीत खाली तीन पेडलं असतात आणि तुमच्या पायांना जे जे माहीत आहे ते सगळं इथे खोटं ठरतं. तुम्हाला जो क्लच वाटतो तो गिअर आहे, जो ब्रेक वाटतो तो रिव्हर्स आहे आणि जो अ‍ॅक्सिलरेटर वाटतो तो ब्रेक. पेट्रोल कमीजास्त करायचं ते हाताने, स्टिअरिंगखालच्या एका दांडीने. स्टिअरिंगच्या दुसऱ्या बाजूला ठिणगीची दांडी असते, ती हँडल मारण्यापूर्वी वर करायची. नाही केली तर हँडल उलटं फिरतं.

मी नाही केली. इमोजीनने मनगटाला पट्टा बांधला आणि रॉस्कोचा फोन आला.

"ऐकलं ते खरं का?"

"किरकोळ आहे."

"मी ट्रेलर धुवून ठेवतो," रॉस्को म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. रॉस्को चांगला माणूस आहे. त्यामुळेच ते जास्त लागलं.

दुसऱ्या आठवड्यात मी गाडी घराच्या दारात फिरवून पाहत होतो. आमचे शेजारी मिस्टर झेलर कुंपणाशी उभे राहून मार्गदर्शन करत होते. झेलर आयुष्यभर फर्निचर विकत आले आहेत, पण मार्गदर्शनाला त्यांना कुठलाच विषय परका नाही. "थांब म्हणजे थांब," ते ओरडले. मी थांबण्यासाठी जिथे ब्रेक असायला हवा तिथे पाय दाबला. मधला. गाडी अतिशय आज्ञाधारकपणे मागे निघाली, कुंपणातून गेली आणि झेलरांच्या अंगणातल्या पक्ष्यांच्या पाणवठ्याला टेकली. पाणवठ्यावर एक सिमेंटचा देवदूत होता. आता त्याला डोकं नव्हतं.

माझ्यासारख्या भाविकाला देवदूताचं डोकं हातात घेऊन शेजाऱ्यापुढे उभं राहावं लागणं म्हणजे काय असतं, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच कळेल. झेलर मात्र शांत होते. "रिव्हर्स छान जमतं तुला," ते म्हणाले. "पुढे जायचं बघ."

पुढे जायला नगरपालिकेची परवानगी लागत होती. खिडकीवरच्या मिसेस ट्रिंबलनी विचारलं, "परेड की अंत्ययात्रा?"

"म्हणजे साधारण अंत्ययात्राच म्हणा."

"मयत कोणत्या गाडीत असेल?"

"मयत नसेल. ते जानेवारीतच पोचले."

"मग परेड." त्यांनी एक कागद पुढे केला. परेडला बँड असेल तर त्याचा मार्ग, घोडे असतील तर त्यांच्या मागे साफसफाई करणाऱ्याचं नाव, शिवाय प्रेक्षकांसाठी फिरती शौचालयं. मी म्हटलं, आम्ही फक्त चर्चपासून डोंगरावर जाणार आहोत, सगळे नातेवाईक आणि मंडळाचे लोक आहेत, प्रेक्षक कोणीच नाहीत. प्रेक्षक नसलेली परेड हा प्रकार त्यांच्या यादीत नव्हता. मी तक्रारखिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेलं. बाहेरच्या बाजूने ती खिडकी इतकी उंच दिसते याची मला कल्पना नव्हती. शेवटी मिसेस ट्रिंबलना माझी दया आली. आमचा वेग विचारून त्यांनी आम्हाला ट्रॅक्टर आणि गवतकापणी यंत्रांच्या वर्गात घातलं. त्या वर्गाला परवानगी लागत नाही, फक्त पाठीमागे संथ वाहनाचा तो मोठा नारिंगी त्रिकोण लावावा लागतो.

मंडळाच्या बैठकीत त्रिकोणावरून इतकं वादंग झालं की पास्टरांना प्रार्थना घ्यावी लागली. डीकनसाहेबांनी त्या गाडीत एक स्क्रूसुद्धा त्या काळातला नसलेला कधी बसवला नव्हता. तिच्या पाठीवर आता मी प्लॅस्टिकचा नारिंगी त्रिकोण बांधणार होतो.  

ठरलेला शनिवार उजाडला. हवा स्वच्छ होती, मनगट बरं होतं, गाडी दुसऱ्याच हँडलला चालू झाली. मला उमेद आली, आणि उमेदीच्या भरात मी एक चांगुलपणा केला.

या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटच्या खाली असते. गादी उचलायची, टोपण काढायचं, पेट्रोल ओतायचं, गादी परत ठेवायची आणि तिच्यावर बसायचं. आदल्या दिवशी इमोजीन म्हणाली होती, "मिस ओडेसा तो फिकट जांभळा पोशाख घालणार आहेत. टाकी भरून ठेवशील आणि बाईंना दिवसभर पेट्रोलचा वास येईल." मला ते पटलं. डोंगर फार लांब नाही. मी थोडंसंच ओतलं, पोचण्यापुरतं आणि परतण्यापुरतं. इतकी बारीकसारीक काळजी घेतल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

मिस ओडेसांना गाडीत चढवणं हे एक काम होतं. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांची साथ केव्हाच सोडलेली. एक स्वयंपाकघरातलं स्टूल, खालून दोन पुतणे, वरून पास्टर, असं करून त्या माझ्या शेजारी बसल्या. "आता माथ्यावरच उतरेन," त्या म्हणाल्या. "हा खेळ मी परत परत करणार नाही." मागच्या सीटवर पास्टर हॅलोवे बसले. पास्टर देहानेही मोठे आहेत. गाडीने ते मुकाट्याने सोसलं.

चर्चपासून आम्ही निघालो. मागे रॉस्कोचा ट्रक, त्याला जोडलेला रिकामा, धुतलेला ट्रेलर, आणि त्याच्या मागे इतर सगळे. गावातून ठीक गेलो. पूल ठीक गेला. नेबो डोंगराचा चढ लागला, पहिलं वळण आलं, गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

मी ब्रेक ओढला. पुतण्यांनी चाकाखाली दगड लावले. मी हँडल मारलं. चालू झाली, खोकली, बंद पडली. परत मारलं. तेच. तोवर मंडळ भोवती जमलं होतं आणि प्रत्येकाला एकेक निदान सुचलं होतं. कोणी म्हणालं ठिणगी, कोणी म्हणालं हवा. झेलर तर मंडळाचे सभासदही नाहीत, पण ते म्हणाले गाडीला चढाची भीती वाटते. रॉस्को ट्रेलरच्या साखळ्या हातात घेऊन सावकाश वर चालत आला. गाडीजवळ थांबला. टोपी काढली.

"आजारी आहे का?" त्याने विचारलं.

कोणी हसलं नाही. रॉस्कोच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा तो प्रश्न विचारायचा इरादा नसावा, तो आपोआप निघाला असावा. पण साखळ्या त्याच्या हातात होत्या आणि मिस ओडेसा त्या साखळ्यांकडे बघत होत्या.

"रॉस्को," त्या म्हणाल्या, "ते इथे आणू नकोस."

"मिस ओडेसा, मग तुम्ही माझ्या ट्रकमध्ये तरी बसा."

"मी घरी जाईन."

त्या खरोखरच गेल्या असत्या. मला त्यांचा आवाज कळत होता. तो चढलेला नव्हता, उतरलेला होता, आणि तक्रारखिडकीवर मी शिकलो आहे की लोक खरे निघून जातात ते अशाच आवाजात.

मी परत जागेवर बसलो, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि देवाला म्हटलं, तू मला उभं केलंस, आता तूच बघ.

"वेंडेल," मिस ओडेसा जरा अवघडून म्हणाल्या, "माझ्याखाली काहीतरी हिंदकळतंय. मागच्या बाजूला."

"पेट्रोल आहे ते."

"मग पुढे का नाही येत?"

मी डोकं वर केलं. या गाडीत पेट्रोल ढकलायला पंप नसतो. टाकीतून इंजिनापर्यंत ते आपल्या वजनाने वाहत जातं, नळाच्या पाण्यासारखं. चढावर गाडीचं नाक वर गेलं, टाकीत पेट्रोल थोडं, ते सगळं मागे जाऊन बसलं. इंजिन वर आणि पेट्रोल खाली. पाणीपुरवठा खात्यात राहून मला हे सुचायला हवं होतं. उंचावरच्या वस्तीच्या तक्रारी मी हजारो ऐकल्या होत्या.

हे मी सांगितल्याबरोबर पाच जणांनी पाच दिशांनी पेट्रोलचे डबे आणले. जुन्या गाडीवाले डब्याशिवाय कुठे जात नाहीत. मग पाचही जण डबे घेऊन नुसते उभे राहिले. टोपण मिस ओडेसांच्या खाली होतं.

"मी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "उतरले तर परत चढणार नाही. आता तर या उतारावर मुळीच नाही. हे गुडघे आहेत, लिफ्ट नव्हे."

दुसरा उपाय तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. या गाडीबद्दल आम्ही लहानपणापासून तो ऐकत आलो आहोत. केलेला कोणीच नव्हता. पेट्रोल कमी असेल तर जुने लोक गाडी फिरवायचे आणि डोंगर उलटा चढायचे. मग टाकी वर राहते आणि इंजिन खाली.

"रिव्हर्समध्ये?" रॉस्को हळू आवाजात म्हणाला. "वेंडेल, डीकनसाहेबांच्या गाडीची पाठ पुढे करून तू त्यांच्या थडग्यापाशी जाणार?"

मला तो त्रिकोण आठवला. सगळ्यांनाच आठवला असावा. मी मिस ओडेसांकडे पाहिलं.

"चाकांवर जाणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण उलटी."

"मग फिरव. ऊन चढतंय."

रांगेने वाट दिली, ब्रेक सैल सोडत मी गाडी मागे मागे पायथ्यापर्यंत आणली आणि तिथे फिरवली. मधलं पेडल दाबलं. झेलर म्हणाले ते खरं होतं, रिव्हर्स मला छान जमत होतं. गाडीने एकदाही न खोकता चढ धरला. सगळ्यात पुढे नारिंगी त्रिकोण, मग पास्टर, मग मिस ओडेसा आणि मी, आणि आमच्या नाकासमोर, आमच्याकडे तोंड करून, रॉस्कोचा ट्रक आणि अख्खी रांग.

मी मात्र रांग बघू शकत नव्हतो. मी मान पूर्ण मागे वळवून रस्ता शोधत होतो आणि रस्त्याच्या जागी मला पास्टर दिसत होते. "पास्टर, जरा डावीकडे झुका," मी म्हणत होतो. पास्टर झुकले, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांच्यासमोर वळणावळणाने खालपर्यंत माणसं होती, सगळी त्यांच्याकडे तोंड करून. कोणत्याही प्रवचनकाराला यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्यांनी पहिला शब्द मोजून ठेवला. मग दुसरा. चढावर इंजिन एका लयीत घुमत होतं आणि ऑर्गनची जागा त्याने घेतली. "थॅडियस म्हणायचा, गाडी दमते," पास्टर म्हणाले, आणि 'दमते' वर त्यांचा आवाज वळला. खालून कोणीतरी भोंगा वाजवला. "पण थॅडियस म्हणायचा, ती चालते." दोन भोंगे. तिसऱ्या वळणाला ते पूर्ण सुरात होते आणि प्रत्येक ओळीला डोंगरभर भोंगे उत्तर देत होते. माझे हात वर जायला बघत होते. मी ते स्टिअरिंगवर दाबून धरले. पाय पेडलवरून उचलला तर सगळंच संपलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तो सूर बसून ऐकला.

माथा आला. पुतण्यांनी स्टूल आणलं. मिस ओडेसा उतरल्या, दगडावरचं कापड बाजूला केलं, नावावरून बोटं फिरवली. पास्टरांचा आवाज बसला होता, त्यामुळे प्रार्थना छोटी झाली. मग मी मिस ओडेसांजवळ गेलो. मान अजून वाकडीच होती.

"मिस ओडेसा, मला माफ करा. ही अशी पाठ करून आणायची नव्हती."

"थॅडियसने मला अशी कधीच आणली नाही," त्या म्हणाल्या. "त्याची टाकी भरलेली असायची."

मी मान हलवली, जितकी हलत होती तितकी.

"जानेवारीत मी पहिल्या गाडीत होते," त्या दगडाकडे बघत म्हणाल्या. "पुढे शवगाडी, तिची काच आणि बर्फ. मागे कोण आलंय हे मला दिसलंच नाही. वर आल्यावर सगळे कोटांत आणि टोप्यांत. घरी जाऊन मी विचार करत बसायचे, इतकी वर्षं याने लोकांची इंजिनं ऐकली, त्याच्यासाठी आलं तरी कोण. विचारायची लाज वाटायची." त्यांनी हातरुमालाने हॅटखालचा घाम टिपला. "आज सगळे दिसले. चर्चमधल्या त्या मॅबेलची नातसुद्धा होती. लाल गाडीत. तिचं लग्न झालं, मला कोणी सांगितलंही नाही. आणि रॉस्को सगळा डोंगर टोपी छातीशी धरून आला. एका हाताने चालवत."

गादी उचलून टाकी भरली. त्या परत चढल्या, दोन पुतणे, स्टूल आणि पास्टर यांच्या साहाय्याने. मी गाडी पुढे काढायला लागलो तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आपण शेवटी. आधी सगळ्यांना जाऊ दे."

तसे सगळे एकेक करून आमच्या शेजारून गेले. प्रत्येक गाडी थांबली. प्रत्येकाला त्या काहीतरी म्हणाल्या. कोणाला आईच्या तब्येतीचं विचारलं, कोणाला म्हणाल्या तुझ्या इंजिनात काहीतरी वाजतंय, दुर्लक्ष करू नकोस. झेलरना म्हणाल्या, देवदूताचं ऐकलं, वाईट झालं. माझा पाय ब्रेकवर बधिर झाला होता. या वेळी तो उजव्या पेडलवर, खऱ्या ब्रेकवरच होता.

शेवटची गाडी वळणाआड गेली. डोंगरावर आम्ही तिघेच राहिलो. पास्टर मागे डोळे मिटून पडले होते. मिस ओडेसांनी हॅट नीट केली. मग म्हणाल्या, "चल."

आम्ही सरळ खाली उतरलो. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मीच दोनदा पाहिलं. मान वळवून चालवायची सवय इतक्या लवकर जात नाही.